आमी दोगं रिक्रूट

माझे क्लासमेट आज पहाटे गेले.

नात्यानं ते माझे सासरे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मॅट्रिक झालेली. माहेर कवठे महांकाळ, सासर म्हसवडजवळच्या वस्तीवर. गावच्या दूध संस्थेचा हिशेब मी लिहायची.

एक दिवस सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतर कॉम्प्युटर येतोय. ज्याला चालवता येईल, तोच या खुर्चीवर बसंल."

म्हणजे मला नाही जमलं, तर खुर्ची गेली.

क्लास म्हसवडला, स्टँडच्या मागं. आमचे हे नोकरीला परगावी. सुनेनं एकटीनं जायचं कसं?

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "मी जातो की संगं. भाईर बसून माश्या मारण्यापरीस आत बसून शिकतो."

सासूबाई कडाडल्या, "सासरा-सून एका बाकावर? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू दे. गोठ्यात शेणाला काय तोटा हाय?"

क्लासात एका कॉम्प्युटरला दोघंजण. मामांच्या शेजारी मी कधी बसलेच नव्हते. डोक्यावर पदर घेऊन उभीच राहिले.

मामांनी पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"बस पोरी. हितं सासरा न्हाई, सून न्हाई. हितं आपुन दोगं रिक्रूट."

काळा स्क्रीन. चित्र नाही, माऊस नाही. नुसतं C:\> आणि पुढं लुकलुकणारी रेघ. ह्याला डॉस म्हणतात, आणि आपण टाईप करू तेवढंच हे करतं, इतकं समजलं.

मी कमांड टाईप करायची आणि एंटरवर बोट ठेवून तशीच थांबायची. घरात आमटीत मीठसुद्धा विचारून घालणारी मी. हुकूम कुणाला दिलाय कधी?

"दाब की."

"मामा, काय बिगडलं तर वो?"

"हुकूम सोडताना घाबारलं की पलटण हलत न्हाई. दाब!"

एकदा सरांनी नवीन डिरेक्टरी करायला सांगितली. फायली ठेवायचा कप्पाच म्हणा. एमडी लिहून पुढं नाव द्यायचं. पहिलं नाव देवाचं, म्हणून मी म्हसवडच्या सिद्धनाथाचं NATH लिहिलं. एंटर दाबलं.

काहीच नाही.

ना हो, ना नाही. परत तीच लुकलुकणारी रेघ.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आवं मामा, ह्यानं माझं ऐकलंच न्हाई."

मामा हसले. "आगं येडे, जवान हुकूम पाळतो, बडबड करत न्हाई. बोलला की समजायचं, कायतरी चुकलंय. गप हाय न्हवं? म्हंजी काम झालं."

सरांनी डीआयआर टाईप करायला लावलं. आत काय काय आहे त्याची यादी येते. यादीत NATH होतं!

मी तिथंच हात जोडले. मागची कॉलेजची पोरं खिदळली, "काकू स्क्रीनच्या पाया पडल्या!" मामांनी नुसतं वळून बघितलं. खिदळणं बंद.

घरी येऊन मी ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यांची, फायली ठेवायला क्लासात मिळालेल्या फ्लॉपीला पिशवी शिवली. मामांच्या फ्लॉपीलाही. एकाच कापडाची.

परीक्षेत मी पास. मामा नापास.

पेढे मामांनीच वाटले. "एकजण जरी वर पोचला तरी चौकी आपली!" पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी खाल्ला, वर म्हणाल्या, "नापास झाल्याचं बी पेढं वाटायची रीत हाय व्हय?"

खुर्ची माझीच राहिली.

आणि तेव्हापासून रोज, मी दारात चप्पल काढली की सोप्यातून आवाज यायचा, "सुनबाई, आज काय काय हुकूम सोडलं?" विंडोज आलं, मोबाईल आला, प्रश्न तोच.

मागच्या आठवड्यात मामांनी अंथरूण धरलं आणि तो प्रश्न थांबला.

जीव अडकला होता. कुशीवर वळवलं तरी डोळे दाराकडंच. सगळे म्हणत होते, कुणाची तरी वाट बघताहेत.

आज पहाटे सिद्धनाथाचा अंगारा त्यांच्या कपाळाला लावला. कानाशी वाकले. त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते मी. पण आज आवाज चढवून म्हणाले,

"मामा, ड्युटी संपली. निजा आता."

डोळे मिटले. थोड्या वेळानं श्वासही.

ह्यांनी विचारलं, "काय बोलले का गं?"

"न्हाई," म्हटलं. "गप होते."

नाथबाबाच्या नावानं चांगभलं.

मामा, तुमच्या रिक्रूटचा सलाम.