करून बघितलेलं वचन

दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या दाराशी चपला जमतात, तसे आत किस्से जमतात. फरक एवढाच की चपला ज्याच्या त्याच्या पायातून परत जातात आणि किस्से माझ्याकडेच राहतात. आता इतके झालेत की कुणाला तरी सांगून थोडी जागा करायला हवी.

आम्ही नाशिकला शरणपूर रोडच्या मागच्या अंगाला राहतो. आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभा असते. पाच-सहा माणसं, शुभवर्तमानातला एक उतारा आणि चहा माझा. पूर्वी उतारा वाचायचा, आमेन म्हणायचं आणि चहात खारी बुडवायची, एवढं सोपं होतं. मग चर्चला नवे पाळकसाहेब आले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी नियमच काढला, "ऐकलेलं आठवडाभर करून बघायचं आणि पुढच्या गुरुवारी काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून शांतामावशी म्हणाल्या, "म्हणजे या वयात परत परीक्षा."

शांतामावशी आमच्यात सगळ्यात थोरल्या. नात्यानं कुणाच्याच मावशी नाहीत, म्हणून सगळ्यांच्या आहेत.

*

पहिला बळी शमुवेलदादा. ते अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, स्वभावानं एकदम सरळ. उतारा होता, कुणी मैलभर चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिडकोत एका माणसानं त्यांना लिफ्ट मागितली. त्रिमूर्ती चौकापर्यंत सोडा म्हणाला. चौक आला, दादांनी गाडी थांबवलीच नाही. मागचा माणूस खांदा बडवतोय, "ओ भाऊ, चौक गेला ना माझा!" हे शांतपणे म्हणतात, "काळजी करू नका, मी तुम्हाला अजून पुढं सोडतो."

पुढच्या सिग्नलला त्या माणसानं उडी मारली आणि चार लोक गोळा केले. दादा त्या चौघांना मैलाचं समजावून सांगत बसले आणि कंपनीत लेट मार्क लागला.

आम्ही पोट धरून हसलो. पाळकसाहेब मात्र हसता हसता थांबले. म्हणाले, "दादा, दुसरा मैलसुद्धा त्याच्याच वाटेनं चालायचा असतो." दादांना ते पटलं. मलाही पटलं, कारण आपण लोकांचं भलं करतो ते बरेचदा आपल्याच वाटेनं करतो.

*

आमच्या ह्यांचं ऐका. हे रेल्वेतून मनमाडला रिटायर झाले. बोलणं कमी, पण वचन ऐकलं की शब्दशः पाळणार. उतारा होता, मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी बसा.

त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतला लग्न होतं. द्राक्षवाल्यांचं घर, मोठा लॉन, मोठी पंगत. मला नातेवाइकांनी पुढं ओढलं. हे जाऊन बसले अगदी टोकाला, जिथं भांड्यांचा ढीग होता तिथं. वाढपी तिथवर पोहोचेपर्यंत जिलेबी संपली, मसालेभात संपला. ह्यांच्या पानात पापड आणि साधा भात पडला.

गुरुवारी ह्यांनी एवढंच सांगितलं, "त्या गोष्टीत यजमान स्वतः येऊन पाहुण्याला वर बसवतो. आमचा यजमान फोटो काढून घेत होता."

शांतामावशींनी विचारलं, "मग पुन्हा शेवटी बसणार का?"

हे म्हणाले, "बसेन. पण घरून जेवून जाईन."

*

एका आठवड्यात ठरलं की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायचं नाही. कुणाची उणीदुणी नकोत, फोनवरसुद्धा नकोत.

पुढच्या गुरुवारी सगळे वेळेवर आले आणि गप्प बसले. माझ्या तोंडाशी दोन विषय आले होते, ते मी गिळले. दादा पंख्याकडे बघत होते. चहा गार व्हायच्या आत सभा संपली. आपण इतकी वर्षं गप्पा मारतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्या दिवशी कळलं, आणि मला त्याची लाजच वाटली.

*

एस्तेर माझी मैत्रीण, बोलघेवडी. तिच्या वाट्याला नेमकं आलं, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका.

तिनं चांगला आंबेमोहोर तांदूळ, डाळ, तेल असं एका पिशवीत भरलं आणि पहाटे सुमनताईंच्या दाराशी ठेवून आली. सुमनताईंचे यजमान नुकतेच गेलेले, हातात काही नाही. पिशवीचं मला ठाऊक, कारण ती माझ्याच घरची होती.

पण सुमनताई पडल्या प्रामाणिक. दुपारी चर्चच्या ग्रुपवर पिशवीचा फोटो! 'कुणाचं सामान चुकून माझ्या दाराशी राहिलं आहे, कृपया घेऊन जावे.' एस्तेर माझ्याकडे धावत आली. "अगं, आता काय करू? सांगितलं तर वचन मोडतं." दोन दिवस कुणीच पुढं आलं नाही. मग सुमनताईंनी विचार केला, बिनमालकाचं एकटीनं कसं खायचं? त्यांनी सगळं शिजवलं आणि गुरुवारी पातेलं घेऊन आमच्या सभेला आल्या.

सगळे जेवलो. दादा म्हणाले, "भात काय सुरेख झालाय, कुठला तांदूळ?" सुमनताई म्हणाल्या, "देवालाच ठाऊक."

एस्तेर खाली मान घालून आपलाच भात जेवत होती. तेव्हापासून सुमनताई दर गुरुवारी येतात. त्यांना पिशवीपेक्षा याचीच गरज होती, असं एस्तेर आता म्हणते.

*

या सगळ्यात शांतामावशी स्वतःचं काही सांगायच्या नाहीत. पाळी आली की म्हणायच्या, "माझं पास."

कारण आम्हाला माहीत होतं. धाकटी बहीण कमळ आणि त्या बोलत नाहीत. आई गेली ती मावशींच्या घरी, ऐन मे महिन्यात. कमळ तेव्हा मनमाडला. गाडी लेट झाली. उन्हाचं फार वेळ ठेवता येणार नाही असं मोठी माणसं म्हणाली आणि मावशींनी मान हलवली. कमळमावशी पोहोचल्या तेव्हा माती देऊन झाली होती. "मला आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस," एवढं बोलून त्या गेल्या.

पुढं त्या नाशिकलाच राहायला आल्या. चर्च एकच. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. मनात तेढ ठेवून प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या, मेजाशी जायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. बाकीचे ती सोयीनं विसरतात. या दोघी विसरत नाहीत. सगळे उठून पुढं जातात आणि दोन म्हाताऱ्या दोन बाजूंना बसून राहतात. बघवत नाही.

कापणीच्या सणाआधीच्या गुरुवारी पाळकसाहेबांनी वाचलं की वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर.

"परत वाचा," शांतामावशी म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.

"त्याच्या मनात असेल तर? माझ्या मनात असेल तर नाही?"

"त्याच्या मनात असेल तर, मावशी."

मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही, हेच मी सगळ्यांना सांगत आले. मला वाटलं तेवढं पुरे. थोरलीनं कशाला जायचं?" मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "मी अशीच जाणार का हो, त्या मेजाशी न जाता?"

त्या दिवशी चहा कुणी मागितला नाही.

*

कापणीच्या सणाला आमचं चर्च मंडईसारखं दिसतं. कुणाची द्राक्षांची पेटी, कुणाची कांद्याची माळ, कुणाच्या बगलेत जिवंत कोंबडी. गीत सुरू होतं आणि सगळे रांगेनं अर्पण घेऊन पुढं जातात. शांतामावशींच्या हातात अंगणातली पपई होती. त्यांच्या मागे मी.

निम्म्या वाटेवर मावशी थांबल्या. वाकल्या आणि पपई तिथंच, मधल्या वाटेत, फरशीवर ठेवली. मला वाटलं, दम लागला. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला आणि उजवीकडच्या बाकाकडे वळल्या.

कमळमावशी समोर बघत बसल्या होत्या.

"कमळ," शांतामावशी म्हणाल्या, "मी थांबायला हवं होतं गं. लोक काही म्हणोत, मी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं."

कमळमावशी हलल्या नाहीत. मागे रांग तुंबली, कोंबडी ओरडायला लागली, गीताचं शेवटचं कडवंही संपत आलं. पाळकसाहेबांनी वेदीवरून गायनमंडळाला खूण केली. त्यांनी तेच गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं.

शेवटी कमळमावशी बाकावर थोड्या आत सरकल्या. शांतामावशी टेकल्या. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कसं होतं गं आईचं तोंड?" कमळमावशींनी विचारलं.

शांतामावशींनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तिच्याकडे वळून बसल्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आता माझं आहे ना, तस्संच."

कमळमावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि बघत राहिल्या. पपई तशीच वाटेत होती. रांग तिला वळसा घालून पुढं जायला लागली.