कंपासकाका

कंपासकाका कुणाच्याही घरी आले की बूट काढायच्या आधी खिशातून कंपास काढायचे. दारातच तो तळहातावर धरायचे, सुई स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत, आणि मग जाहीर करायचे, "तुमचा सोफा वायव्येला तोंड करून आहे." ते चांगलं की वाईट, हे सांगायचे नाहीत. वास्तुशास्त्रावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. आपण कुठे तोंड करून बसलोय एवढं त्यांना ठाऊक असायला हवं असे. कंपास दुबईच्या सतवा भागातल्या एका दुकानातून घेतलेला, नमाजाची दिशा दाखवणारा, हिरव्या डबीतला होता. आज तो अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरात माझ्या टेबलावर असतो. तो माझ्याकडे कसा आला हे सांगायचं तर मला स्वतःबद्दल बरंच वाईट सांगावं लागेल.

तर आधी तेच सांगून टाकतो. मला काकांचा हेवा वाटायचा. अगदी पोटात दुखेपर्यंत वाटायचा. आम्ही बांधकामाच्या एकाच कन्सल्टन्सीत होतो, ते इलेक्ट्रिकलला आणि मी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे मालाचा आणि खर्चाचा हिशोब करणारा. दुबईत ऊद मेथाला राहायचो तेही एकाच बिल्डिंगमध्ये, ते पाचव्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, पगार माझ्याएवढाच, आणि तरी माणूस असा मजेत राहायचा की माझं काहीतरी चुकतंय असं मला रोज वाटावं. लिफ्टमध्ये त्यांनी शीळ वाजवली तरी माझा दिवस खराब जायचा.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि आमच्या ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. साइटवरच्या क्रेन आहेत तशा थांबल्या. दर गुरुवारी एचआरच्या केबिनमध्ये कुणाला तरी बोलावणं यायचं आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ते टेबल मोकळं दिसायचं. मी नवा फ्रिज घ्यायचं रद्द केलं, मुलीचा, सईचा, पोहण्याचा क्लास बंद केला. नेमक्या त्याच महिन्यात काकांनी मोटारहोम घेतलं. आमचा एक डच मॅनेजर नोकरी जाऊन घाईनं परत निघाला होता, त्याचं.

"अठरा हजार दिरहम," काका मला पार्किंगमध्ये म्हणाले. "म्हणजे आपले सव्वादोन लाख. अहो कुलकर्णी, सव्वादोन लाखांत ठाण्यात गाडी उभी करायला जागा मिळते का? इथे आत गॅस आहे, दोन पलंग आहेत, संडास आहे."

"आणि उद्या नोकरी गेली तर?" मी विचारलं.

"तर आत राहू," ते म्हणाले.

माझी बायको हे ऐकून आठवडाभर हसत होती. "शिका जरा," एवढंच मला म्हणाली. मी त्या गाडीला 'डबा' म्हणायला सुरुवात केली. माझ्याशिवाय ते नाव कुणीच उचललं नाही.

गाडी बिल्डिंगमागच्या वाळूच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असायची. काकांकडे एक पोर्टेबल सॅटेलाइट रेडिओ होता, म्हणजे एक छोटं यंत्र आणि वायरनं जोडलेली वहीएवढी चपटी अँटेना. अँटेनाचं तोंड बरोबर उपग्रहाकडे केलं की त्यावर एक मराठी चॅनेल लागायचं. तो रेडिओ गाडीत बसवायचा त्यांनी चंग बांधला. आणि मदतीला त्यांनी निवडलं माझ्या मुलीला. सई तेव्हा नऊ वर्षांची होती. मला निवडलं शिडी धरायला.

पहिल्या शुक्रवारी अँटेना मागच्या खिडकीच्या आत चिकटवली. कंपास लावून पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे वळवली. काका म्हणाले, "हा उपग्रह आणि आपली मुंबई, दोन्ही इथून जवळपास एकाच दिशेला." तासभर खटपट केली, पण रेडिओ मुका तो मुकाच. काकांनी वायर तपासली, फ्यूज तपासला, यंत्र उघडून बंद केलं. मला मनातून बरं वाटत होतं. शेवटी कंटाळून सईनं अँटेना उचलली आणि दाराबाहेर वाळूत ठेवली, तर आतून एक बाई मराठीत हवामान सांगायला लागल्या. काका खिडकीकडे बघत राहिले. आदल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या काचांना उन्हाची चंदेरी फिल्म लावून घेतली होती, बाजारातली सगळ्यात भारी, धातूचा थर असलेली. इथे आल्यावर आपण सगळेच पहिलं काम ते करतो. उन्हाबरोबर त्या फिल्मनं उपग्रहही बाहेर ठेवला होता.

"तीस वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये काढली," काका म्हणाले, "आणि हे सईनं सांगायचं मला." ते इतके खूष झाले होते की त्यांचाच पराक्रम असावा. मी त्यांच्या जागी असतो तर फिल्मवाल्याला फोन करून झापलं असतं.

पुढचे तीन शुक्रवार छताच्या कामात गेले. हवेच्या झडपेतून एक पाइप वर काढला, पाइपच्या टोकाला अँटेना बसवली, भोवती सिलिकॉन भरलं आणि खाली पाइपला मूठ लावली, म्हणजे आत बसून अँटेना फिरवता येईल. मूठ सईच्या ताब्यात होती. ती अधीर होऊन गरागरा फिरवायची आणि काका म्हणायचे, "घाई नको गं. उपग्रह कुठे जात नाही." हे वाक्य ते ऑफिसातही म्हणायचे, ड्रॉइंग उशिरा आलं तरी, लिफ्ट बंद पडली तरी. माझ्या डोक्यात जायचं ते.

माझं खरं दुखणं मात्र गाडीचं नव्हतं. घरी मी सईला म्हणायचो, "सई, जरा पाणी आण," तर उत्तर यायचं, "इन अ मिनिट, बाबा." शाळेत काय झालं विचारलं की "नथिंग." मराठी बोललीच तर अशी बोलायची की मला हसू आवरायचं नाही. तिच्या गमती मी पाहुण्यांना नक्कल करून सांगायचो आणि पाहुणे पोट धरून हसायचे. तीच सई त्या डब्यात बसून अखंड मराठी बोलायची. रेडिओवर शुक्रवारी अकरा वाजता, भारतात तेव्हा साडेबारा, मुलांचा कार्यक्रम असायचा. त्यातली गोष्ट मधेच तुटली की उरलेली ती स्वतः रचून काकांना सांगायची. मी शिडी धरायचं निमित्त करून दाराबाहेर उभा राहायचो आणि ऐकायचो. ती दहा चुका करायची. काका एकही दुरुस्त करायचे नाहीत, नुसतं "मग?" म्हणायचे.

एकदा ते बाहेर आले आणि मी तिथेच उभा. ते म्हणाले, "आमच्या निखिलला मी फार दुरुस्त केलं." निखिल त्यांचा मुलगा, मेलबर्नला असायचा. फोनवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून ठेवून द्यायचा, हे काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. मला वाटलं, काका उगाच आपलं दुःख सांगतायत.

मग बायकोकडून कळलं की सईनं त्या कार्यक्रमाला पत्र लिहिलंय. मराठीत, स्वतःच्या हातानं, काकांच्या मदतीनं. पुढच्या शुक्रवारी ते वाचून दाखवणार, असं निवेदकानं सांगितलं होतं. त्यासाठी काकांनी फुजैराच्या किनाऱ्यावर जायचं ठरवलं, तिथे पूर्वेला सगळा उघडा समुद्र. "तुम्ही यायलाच हवं, असं काका तीनदा म्हणाले," बायको म्हणाली.

पुण्याला माझी आई दर वाढदिवसाला नातीच्या दोन ओळींची वाट बघायची. तिला कधी एक अक्षर गेलं नाही, आणि रेडिओला पत्र! तेही मला न सांगता. आणि वर मला तीनदा निमंत्रण, कशाला, तर काकांनी माझ्या मुलीला मराठी कसं शिकवलं हे चारचौघांत बघायला. असं मी धरून चाललो.

गुरुवारी संध्याकाळी काका-काकू सामान आणायला गेले होते. मी प्लॉटवर गेलो, गाडीखालून शिडी ओढली, वर चढलो. अँटेनाच्या मुळाशी वायर जोडणारा कनेक्टर होता, त्यावरची काळी टेप सोडवली, कनेक्टर दोन फेरे सैल केला आणि टेप पुन्हा गुंडाळून खाली उतरलो. पाच मिनिटांचं काम. चाळिशीला आलेला, टाय लावून ऑफिसला जाणारा माणूस होतो मी.

मोटारहोममागून आमच्या गाडीनं आम्ही फुजैराला साडेदहाला पोचलो. काकांनी मोटारहोम समुद्राकडे तोंड करून लावलं आणि मला हाताला धरून आत नेलं, सईच्या शेजारी बसवलं. त्या डब्यात मी पहिल्यांदाच बसलो होतो. सईनं मूठ फिरवली, पण आवाज येईना. काकांनी कंपास बघितला. पुन्हा फिरवली. मग त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं खालून वर एकेक गोष्ट तपासायला घेतली, आधी फ्यूज, मग यंत्र, मग आतली वायर. अकरा वाजले, सव्वा अकरा वाजले. सई मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. 'वरचा कनेक्टर बघा,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

शेवटी काका छतावर चढले. मी शिडी धरली. वर ते बराच वेळ नुसते बसले होते. मग आतून रेडिओ सुरू झाला, आणि निवेदक म्हणत होता की आजच्या पत्रांची वेळ संपली, पुढच्या शुक्रवारी भेटू.

काका उतरले, माझ्याकडे न बघता आत गेले आणि सईसमोर खाली बसले. "माझी चूक झाली सई. वरचा कनेक्टर मी नीट आवळला नव्हता."

"यू सेड यू चेक्ड इट," सई म्हणाली. परतीच्या वाटेवर ती आमच्या गाडीत, मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर ती प्लॉटवर गेली नाही. काकांनी दोनदा बोलावलं, तिनं "होमवर्क" म्हणून सांगितलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि घरात ती आता इंग्रजीतही बोलत नव्हती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी काकांना केबिनमध्ये बोलावलं. माझं नाव यादीत नव्हतं. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा असतो, तेव्हा 'आत राहू' वगैरे काही जमणारं नव्हतं. मोटारहोम कुणीतरी निम्म्या किमतीत नेलं. जायच्या आदल्या दिवशी काका रेडिओ, अँटेना आणि कंपास घेऊन आमच्याकडे आले. सई खोलीतून बाहेर आली नाही. त्यांनी आमच्या बाल्कनीत अँटेना बसवली आणि कनेक्टर माझ्या हातात दिला.

"आधी हातानं आवळायचा. मग अर्धा फेरा पान्यानं. आणि टेप नेहमी खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही." मग म्हणाले, "तुम्ही वरून खाली गुंडाळली होती."

काकांनी टेपचं रीळ माझ्या हातात ठेवलं.

"मग तुम्ही सईला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मी तर जाणारच होतो, आज ना उद्या," ते म्हणाले. "तिला बाप एकच आहे. गुंडाळा, खालून वर."

काका गेल्यावर तो रेडिओ मी रोज लावायचो. दुसऱ्या आठवड्यात सई बाल्कनीत येऊन बसायला लागली. ती बोलली की मी "मग?" म्हणायला शिकलो. फार कठीण गेलं ते मला. वर्ष सरता सरता रेडिओची कंपनीच बंद पडली आणि एका सकाळी मराठी चॅनेल गेलं. सई कंपास घेऊन अँटेना फिरवत राहिली, म्हणाली, "उपग्रह तर तिथेच आहे ना?" तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, शिडी, टेप, कनेक्टर, सगळं. ती रडली नाही.

"काकांना फोन करते मी," ती म्हणाली. "तू इथेच बस."

काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, कारण ती फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावलं. पण पुढच्या शुक्रवारी बरोबर अकरा वाजता ठाण्याहून काकांचा फोन आला. सईनं तो स्पीकरवर टाकून बाल्कनीतल्या मुक्या रेडिओशेजारी ठेवला. काकांनी घसा साफ केला आणि निवेदकाच्या आवाजात सुरुवात केली. पत्राचा कच्चा कागद त्यांनी जपून ठेवला होता.

"आता दुबईहून सई कुलकर्णी हिचं पत्र. 'मी आणि कंपासकाका गाडीत बसून तुमच्या गोष्टी ऐकतो. माझे बाबा आत येत नाहीत. ते बाहेर उभे राहून ऐकतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. माझं मराठी चुकलं की ते हसतात, म्हणून मी घरी बोलत नाही. पण मला त्यांच्याशी बोलायचं आहे. तुम्ही हे पत्र वाचाल त्या शुक्रवारी काका त्यांना आत बसवणार आहेत. त्यांच्यासाठी एक गाणं लावा.'"

मग फोनवर थोडी खरखर झाली.

"आवाज नीट येतोय ना?" काकांनी विचारलं.

सईनं फोन जवळ ओढला.

"येतोय काका," ती म्हणाली. "बाबा आत बसलाय."