बघा म्हणायची खोड

आमच्या टॅक्सी स्टँडवर त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'बघा'. वाक्याच्या पुढे नाहीतर मागे 'बघा' जोडल्याशिवाय त्याला बोलताच येत नव्हतं. "गुडघा दुखतोय, बघा," तो म्हणायचा आणि आम्ही लगेच वाकून त्याच्या गुडघ्याकडे बघत बसायचो. सगळ्यांत आधी तोच हसायचा.

गाडी जुनी, पण आतून लख्ख. गिऱ्हाईक छत्री विसरो, चष्मा विसरो, एकदा तर कोणी कवळी विसरला. बघा ती वस्तू मालकाच्या दारात पोचवून यायचा. फुकटचं पेट्रोल जाळतोस म्हणून आम्ही त्याला वेड्यात काढायचो.

एकदा संघटनेने वकीलबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पोलिसांनी थांबवलं की कागदपत्रं दाखवा. पण सबळ कारण नसेल तर तुमच्या परवानगीशिवाय त्यांना डिकी उघडता येत नाही. नम्रपणे, पण स्पष्ट नाही म्हणा." आम्ही चहा पिऊन विसरलो. बघाने मात्र घरी जाऊन सराव केला. लेक पोलीस व्हायची, कमरेवर हात ठेवून दरडावायची, आणि हा भिंतीला टेकून म्हणायचा, "माझी परवानगी नाही, साहेब." दोघं पोट धरून हसायची. आई गेल्यापासून त्या घरात एवढं हसू नव्हतं, असं तीच मला म्हणाली.

पुढे एका दुपारी, मागचा दिवा बंद आहे म्हणून नाक्यावरच्या हवालदाराने त्याला बाजूला घेतलं. कागदपत्रं चोख होती. डिकीत सकाळच्या गिऱ्हाइकाची विसरलेली बॅग होती आणि ती लॉजवर द्यायलाच तो निघाला होता. हवालदार म्हणाला, "डिकीत काय आहे?"

 पाठ केलेलं सांगायला बघाने तोंड उघडलं. "साहेब, बघा..."

"बघतो की," हवालदार म्हणाला आणि खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. परवानगी नाही, हे पुढचे शब्द बघाने म्हटले, पण तोवर हवालदार गाडीच्या मागे पोचला होता आणि शेजारून ट्रक धडधडत चालला होता. बॅगेत नशेच्या गोळ्या निघाल्या. लॉजवर त्या गिऱ्हाइकाने लिहिलेलं नावही खोटं होतं.

हवालदाराच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात तेवढंच आलं: साहेब, बघा. पुढे नुसता ट्रक. त्या ट्रकवाल्याचा मला आजही राग येतो, आणि त्याची काहीच चूक नाही हेही कळतं.

खटला वकीलबाईंनीच घेतला. परवानगी नव्हती हे पटलं तर झडती बेकायदा ठरेल आणि बघा सुटेल, असं त्या म्हणाल्या. पण कच्च्या कैदेत बघाने त्या शब्दाचा धसकाच घेतला होता. जीभ चावून चावून त्याने तो तोंडातून घालवला होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही नेहमीच असं बोलता?"

"हो, साहेब. जुनी खोड आहे."

"म्हणजे कसं, सांगा."

"सगळे हसायचे, साहेब. स्टँडवर."

मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसलो होतो. म्हण रे बाबा, एकदा तरी म्हण! तो जपून, एकेक शब्द निवडून बोलत राहिला. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की आरोपीची ही तथाकथित सवय त्याच्या अख्ख्या साक्षीत एकदाही ऐकू आलेली नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. शिक्षा झाली.

बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसांनी त्याला क्षणभर थांबू दिलं. लेक रडत होती. बेडी घातलेले दोन्ही हात उचलून त्याने तिच्या डोक्यावर ठेवले.

"गाडी विकून टाक," तो म्हणाला. "पण आधी मागचा दिवा बदलून घे, बघ. घेणाऱ्याला त्रास नको."