आपलंच विमान
पिठाच्या खळीचा वास आला की मला एकाहत्तरच्या लढाईतली, आमच्या सिविल लाइंसच्या घरातली एक दुपार आठवते. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यामुळे जबलपुरात रात्री घराबाहेर उजेड दिसू द्यायचा नव्हता, म्हणून बाबा आणि मी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवत होतो. बाबा महायुद्धात लढाऊ विमान चालवायचे. नंतर ते वकील झाले आणि जोडीला कारखान्याला लाकडी खोकी पुरवायचा धंदाही काढला. तरी जुने वैमानिक म्हणून, आकाशात घरघर झाली की सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या दुपारीही आवाज आला. शेजारच्या काकू लेकराला कडेवर घेऊन फाटकाशी धावत आल्या. "भैया, कोणाचं हो हे?" बाबांनी वर पाहिलंही नाही. "आपलंच आहे, वहिनी. चलो, तव्यावरची पोळी बघा." काकू हसत परत गेल्या. मी विचारलं, "बाबा, नुसत्या आवाजावरून कसं ओळखता?" ते हळूच म्हणाले, "कुठलं ओळखून राहिलो? मी पंख्याची विमानं उडवली. ही जेट, मला सगळी सारखीच वाटतात." "मग शत्रूचं असलं तर?" "तर मला खोटं ठरवायला कोणी उरणार नाही. तोवर वहिनींची पोळी तरी नीट भाजली जाईल." पण खळीचा कुंचला त्यांनी काचेला टेकवला नव्हता, आवाज पार विरेपर्यंत तो हवेतच होता. आता घरात काही संकट आलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, आणि माझा हात थांबलेला मी कुणाला दिसू देत नाही.