वॉकीटॉकीवरचं "हां हां हां!"

आधीच सांगते, मी सिव्हिल इंजिनिअर. भूतखेत, करणी, दृष्ट... असल्या गप्पा सुरू झाल्या की सगळ्यात आधी खो-खो हसणार ती मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसा, पण वाचा!

२००६ च्या आसपासची गोष्ट. आम्ही सिंगापूरला, यिशुनमध्ये राहायचो. घराजवळच्या कॅनॉलवरच्या जुन्या पुलाचं काम माझ्याकडे होतं. पुलाचा स्लॅब ज्या रबरी गाद्यांवर टेकतो, त्या बदलायच्या होत्या. म्हणजे जॅक लावून स्लॅब केसभर उचलायचा — आणि वरची वाहतूक चालूच! माझी लेक रोज दुपारी स्कूल बसने त्याच पुलावरून घरी यायची. "आई, युअर ब्रिज सो स्लो ला!" हे रोजचं.

त्या दुपारी आम्ही पुलाखाली होतो. जॅकना दाब देणाऱ्या पंपावर बिहारचा मिश्रा, जॅकपाशी चिनी फोरमन आह सेंग अंकल आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण माझ्याकडे. जेवायला फुरसत मिळाली नव्हती, म्हणून मी तोंडात अख्खा करी पफ कोंबलेला. मिश्रा हळूहळू प्रेशर वाढवत होता... आणि वॉकीटॉकीवर एका बाईचा खणखणीत आवाज — "हां हां हां!"

गरम तव्याकडे हात नेणाऱ्या पोराला आपण ओरडतो ना, अगदी तस्सं. माझं बोट आपोआप बटणावर!

"व्हाय स्टॉप?" अंकल भडकले. मिश्रा तर चक्रावूनच गेला. "मॅडम, किसीने हां बोला ना? हां मतलब हां! मैं तो और चढ़ानेवाला था!"

मी घास कसाबसा गिळला. "थांबलोच आहोत तर जॅक बघून घेऊ." अंकल कुरकुरत वाकले आणि लगेच हातानेच मला जवळ बोलावलं. एका जॅकखालची लोखंडी प्लेट सरकून पार कडेला आली होती. अजून थोडा दाब, की जॅक निसटून स्लॅब दाणकन खाली! वर गाड्यांची धडधड चालूच. प्लेट नीट बसवली, मगच पुढचं काम.

आवाज आम्ही तिघांनीही ऐकला होता. पण साइटवर दुसरी बाई नव्हती, मराठी तर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आज आमची बस तुझ्या ब्रिजवर किती वेळ थांबली होती! मी वेव्ह केलं, यू नेव्हर सी!" मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती वैतागली. खूप रडले मग.

"अगं, तूच ओरडली असशील," नवरा म्हणाला.

"तोंडात घास असताना मी तुझ्याशीसुद्धा भांडत नाही!"

दुसऱ्या कुठल्या चॅनेलवरचं बोलणं घुसलं असेल, असं सगळे म्हणतात. असेल बाई... पण ओरडायला "स्टॉप" होतं, "रुको" होतं. तिने नेमकं असं काही म्हटलं, की ते ऐकून मिश्रा जॅक चढवत गेला असता आणि थांबणार होते ती फक्त मी. बटण एका मराठी आईच्या हातात आहे, हे तिला कुणी सांगितलं?