ओठांवरचं इटालियन

पहिली पाळी करून सुकुमार चौगुले घरी येतो, भाकरी खातो आणि हातआरसा छातीवर ठेवून आडवा होतो. इचलकरंजीतला हा पन्नाशीला टेकलेला जॉबर. उभा जन्म माग दुरुस्त करण्यात गेला, आणि आता आरशात तोंड बघून इटालियन बोलतोय. कारखान्याने नवे माग इटलीहून मागवलेत, ते शिकायला दीड महिना यालाच तिकडे धाडणार आहेत. भाषेची जुजबी परीक्षा सोमवारी. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच, त्यामुळे ते जमतात. घोडं अडतं दुहेरी व्यंजनाशी. शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई फोनवर रोज कानीकपाळी ओरडतात, "ओठ मिटून क्षणभर थांबा हो, चौगुले! घाई करता आणि एक ब खाऊन टाकता." तिकडे बापाला ‘बाब्बो’ म्हणतात. हा म्हणतो ‘बाबो’. डोळे मिटतात तेव्हाही ओठ तेच पुटपुटत असतात.

"बाबो," तो म्हणतो, पण आवाज येत नाही, कारण भोवती मागांचा खडखडाट चालू आहे. तो जुन्या शेडमध्ये उभा आहे. ती शेड पाडून तिथे मंगल कार्यालय झालं, त्यालाही दहा वर्षं झाली. समोर आप्पा. त्याचे वडील, चाळीस वर्षं माग चालवून कानांनी अधू झालेले. शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून माणसं एकमेकांचे ओठ वाचत. आप्पांचं तर म्हातारपणी घरीही त्यावरच भागे. आप्पा जाऊन पाच वर्षं होत आली हे सुकुमारला स्वप्नातही ठाऊक आहे. त्याचं त्याला नवल वाटत नाही.

"काय म्हंतोयस?" आप्पांचे ओठ विचारतात.

"बाबो."

"दिसंना."

तो जवळ जायला निघतो. दोन मागांमधल्या बोळातून चालता चालता पायाखाली गुळगुळीत फरशी लागते. माग जागच्या जागी आहेत, पण त्यांच्यामध्ये खाटा लागल्यात आणि सलाईनच्या बाटल्या टांगल्यात. खडखडाट थांबलाय. आप्पा शेवटच्या खाटेवर बसलेत.

सुकुमार हा दवाखान्यातला वॉर्ड ओळखतो. साथीच्या दिवसांत याच वॉर्डात त्याला दोन मिनिटं आत सोडलं होतं. तोंडावर मास्क. त्याच्या आडून तो घाईघाईने बोलला, आणि आप्पा नुसते त्या कापडाकडे बघत राहिले. पहाटे गेले. त्यांना वाटलं असेल, पोरगं टाकून निघून गेलं. पाच वर्षं हा काटा सलतोय, पण बायकोलासुद्धा त्याने कधी सांगितलेलं नाही.

आत्ताही मास्क आहेच. काढायला जातो तर दोरी कानामागे रुतून बसलेली.

"हिकडं ये," आप्पा उठतात. मागावरचा तुटका दोरा धरावा तशा हलक्या बोटांनी ते दोरी सोडवतात आणि मास्क स्वतःच्या खिशात घालतात. त्याच्या मिशीवरचं कापसाचं तूस झटकतात. "हां, आता बोल. सावकाश. मागाचा धोटा दोरा घिऊन पल्याड पेटीत जातो, जरा थांबतो, मगच परततो का न्हाई? तसं."

सुकुमार ओठ मिटतो. थांबतो. "बाब्बो."

"हे कळलं. आता त्या दिवशीचं बोल."

त्याला भडभडून येतं, पण तो घाई करत नाही. "आप्पा, मी भाईर पायरीवरच बसलोय. घरी जाणार न्हाई."

आप्पा शेवटच्या शब्दापर्यंत त्याच्या ओठांकडे बघतात. "ठावं हाय की रं. तोंड दिसंना, पर डोळं दिसत हुतं." मग जरा थांबून, "रातभर बसलास ते बसलास. जेवलास तरी का?"

"वडापाव खाल्ला."

"मग झालं तर," आप्पा म्हणतात, आणि निवांत खाटेवर पाय सोडून बसतात.

"अवो, उठा! चहा निवतोय." राजमती, त्याची बायको, कप घेऊन उभी आहे. "आन कानामागं हे काय? वळ उठलाय."

सुकुमार बोट लावतो. चुरचुरतं. दुसऱ्या कानामागेही तेवढाच बारीक, लाल वळ. मास्क लावून त्याला कित्येक वर्षं झालीत. तो आरसा उचलतो, ओठ मिटतो, थांबतो. "बाब्बो."

"काय म्हंताय?"

"आप्पास्नी हाक मारली," तो म्हणतो. "बस जरा. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय." आणि त्या दोन मिनिटांची गोष्ट तो तिला सांगू लागतो, सावकाश.