चौकटीतला कोरा दगड

“तो दगड तेवढा पाहू नका जी,” असं म्हणत ते पाहुणा आणि देवळाची चौकट यांच्यामध्ये येऊन उभे राहत. मग काय, तुम्ही असता तर तुम्हीही नेमका तोच दगड पाहिला असता.

चिखलीजवळच्या एका गावचे ते पाथरवट. महाराष्ट्र नुकताच झाला होता, पण असल्या जुन्या देवळांची देखभाल दिल्लीच्या खात्याकडेच होती. त्या खात्यातर्फे कामावर देखरेख करायला मी होतो.

त्यांच्या हातचं जातं लांबून ओळखू यायचं. कोणी न सांगता ते वरच्या तळीवर फूल काढत. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, “फुलाचे पैसे कोन मागते? पोरगी सासरी जाऊन दळीन, तिले काही पाहाले पाहिजे का नाही?”

चौकटीवरच्या हंसांच्या ओळीतला एक तुकडा फुटून गेला होता. खात्याचा नियम असा, की नवा दगड बसवायचा, पण साधा ठेवायचा. गेलेलं आपल्या मनाने कोरायचं नाही. मी त्यांना दोनदा बजावलं. “हाव जी,” म्हणाले आणि हंस कोरून मोकळे झाले.

मोठे साहेब पाहणीला आले. चौकटीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “नवा दगड कुठला?”

“वळखा तुम्हीच!” ह्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. साहेबांना काही ओळखता येईना. शेवटी ह्यांनीच बोट ठेवलं.

साहेब माणूस सरळ. म्हणाले, “इतकं सुंदर काम मी पाहिलं नाही. म्हणूनच ते ठेवता येणार नाही. उद्या लोक ह्यालाच जुनं समजतील.”

“म्हंजे वाईट केलं असतं तं राह्यलं असतं?”

नियम बरोबर होता, आजही मला तो बरोबरच वाटतो. पण त्या वेळी पाथरवटांकडे मान वर करून पाहायची मला लाज वाटली.

“दुसऱ्याले हात लावू देऊ नका,” एवढंच ते बोलले आणि आपले हंस त्यांनी स्वतःच तासून काढले. सगळं गाव जमलं होतं. भाकर घेऊन आलेली त्यांची बायको ते पाहून तशीच मागे फिरली.

मी पारावर बसून लोकांना नियम समजावला. लोकांनी माना डोलावल्या आणि बाजारात म्हणत राहिले, “बुढ्याले जमलं नाही, म्हनून पुसून टाकलं.” जात्यांची मागणी काही थांबली नाही, पण फूल काढणं त्यांनी सोडलं. कोणी हौसेने मागितलंच तर म्हणत, “माह्या हाताले नाही येत जी.” आधी आधी कोणी पाहुणा आला की तो कोरा दगड झाकत उभे राहत, पुढे तर देवळासमोरचा रस्ताही त्यांनी टाकला. शेतात जायचं झालं तरी ओढ्याकडच्या काट्याकुट्यातून फिरून जात.

ते गेल्याचं मला बुलढाण्याला कळलं. मी पोचलो तेव्हा तिरडी उचलली होती. खांदेकरी रोजच्या सवयीने देवळाकडे वळले, तसा मडकं धरून पुढे चाललेला त्यांचा थोरला मुलगा थांबला.

“इकडून नाही,” तो म्हणाला. “बा इकडून जात नव्हता.”

तिरडी ओढ्याकडे वळली, आणि मी खाली मान घालून मागोमाग चालू लागलो.